बटण दाबलं, पुढे काय?

नोव्हेंबरचा मध्य उलटला की कुवेतचं अर्धं मन वाळवंटात मुक्कामाला जातं, हे इथे दोन-चार हिवाळे काढलेल्या कुणालाही सांगायला नको. मार्चच्या मध्यापर्यंत नगरपालिकेच्या परवानगीने तंबू उभे राहतात. कुवेती मित्र एका दिवसाच्या सहलीला ‘कश्ता’ म्हणतात. आपली मराठी मंडळी सुरुवातीची वर्षं समुद्रकाठी बटाटेवड्यांवर समाधान मानतात. मग केव्हातरी घरात मोठी फोर-व्हील गाडी येते आणि आपणही थर्मास, सतरंजी आणि पोळ्यांचा डबा घेऊन ‘बर्र’ म्हणजे वाळवंटात जायला लागतो.

या गाडीच्या डॅशबोर्डवर एक गोल बटण असतं. टू-हाय, फोर-हाय, फोर-लो अशी त्यावर अक्षरं असतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते एकदाच फिरवलेलं असतं, शोरूममधल्या सेल्समनने फिरवून दाखवा म्हटलं तेव्हा! त्यानंतर ‘आपल्याकडे फोर-बाय-फोर आहे’ एवढ्या समाधानावर वर्षानुवर्षं निघतात. या बटणाबद्दल चार शब्द लिहावेत असं आम्हांला बरेच दिवस वाटत होतं. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आमची उभी नोकरी मोटरने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हच्या संगतीत गेली. दुसरं कारण म्हणजे २००१ सालची एक संध्याकाळ. तिच्याकडे वळण्याआधी बटणामागे काय आहे ते सांगतो.

फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनची ताकद नेहमीप्रमाणे मागच्या चाकांना द्यायची, की पुढच्या-मागच्या दोन्ही जोड्यांना वाटून द्यायची, हे तिथे ठरतं. तिच्यातच एक मंद गिअरची जोडी असते. ‘फोर-लो’ लावलं की त्याच इंजिनवर चाकं साधारण अडीच पट हळू फिरतात आणि जोर तेवढा वाढतो. वाळूतून बाहेर यायला हाच जोर लागतो.

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी साहेबांची जीप यायची, तिच्यात मोठ्या गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे असत. एक पुढची चाकं जोडणारा, दुसरा मंद गिअरचा. ड्रायव्हर ते ओढायचा तेव्हा खालून ‘खट्’ असा आवाज यायचा आणि हाताला कळायचं की दात बसले. ऐंशीच्या दशकात अमेरिकन गाड्यांत दांड्याच्या जागी बटण आलं. दांडा ओढायला मनगट लागायचं, बटणाला बोट पुरतं. पण बटण आणि दात यांच्यामध्ये आता तिसराच कुणीतरी येऊन बसला होता.

हा तिसरा म्हणजे एक छोटी बारा व्होल्टची मोटर आणि तिच्यावर हुकूम चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. मोटर ट्रान्सफर केसच्या बाहेरच्या अंगाला बोल्टने बसवलेली असते. तिचा वेग वर्म गिअरने खूप कमी केलेला असतो. ज्यांच्या घरी गिटार आहे त्यांनी तिची खुंटी बघावी. खुंटी फिरवून तार ताणता येते, पण तार ओढून खुंटी फिरवता येत नाही. इथेही तसंच आहे. मोटर दांडा फिरवू शकते, दांडा मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज गेली तरी गिअर आहे तिथेच राहतो. दांड्यावर खाचा असलेला कॅम असतो. तो फिरला की खाचेत अडकलेले काटे पुढेमागे सरकतात आणि दात जुळवतात. दात समोरासमोर आले नाहीत तर एक स्प्रिंग दाबून धरून वाट बघते. चालत्या गाडीत टू-हायवरून फोर-हायला जाताना पुढचा दांडा आधी वेगात यावा लागतो. त्यासाठी काही गाड्यांत विद्युतचुंबकाचा क्लचही असतो.

आता महत्त्वाचा भाग. मोटरला स्वतःला डोळे नसतात. आपण टू-हायला आहोत की फोर-लोला, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. ते काम मोटरच्या पोटातली एक चकती करते. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत या चकतीवर तांब्याच्या पट्ट्या असत आणि त्यांवरून बारीक ब्रश घासत जात. कुठला ब्रश पट्टीवर आणि कुठला रिकाम्या जागेवर, यावरून इलेक्ट्रॉनिक पेटीला ठिकाण कळतं. पुढे काही गाड्यांत ब्रशऐवजी चुंबकावर चालणारे सेन्सर आले.

आपण बटण फिरवतो तेव्हा ही पेटी आधी चौकशी करते. गाडीचा वेग किती? गिअर न्यूट्रलला आहे का? ब्रेकवर पाय आहे का? फोर-लोसाठी तर गाडी जवळजवळ थांबलेली लागते. सगळी उत्तरं मनासारखी आली की ती मोटर सोडते. दिशा बदलायची असेल तर विजेचे दोन ध्रुव उलटे करते. ठरलेल्या जागी चकतीने ‘पोचलो’ म्हटलं की मोटर थांबवते. ठराविक सेकंदांत मोटर पोचली नाही, तर ती जळू नये म्हणून वीज तोडते आणि डॅशबोर्डवर दिवा लुकलुकवते. थोडक्यात, दांडा ओढणं हा हुकूम होता, बटण फिरवणं हा अर्ज आहे. अर्ज मंजूर होईलच असं नाही!

आमच्या नोकरीतला भाग इथे येतो. कुवेतला नदी नाही. पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं, आणि वीज व पाणी तयार करणारी केंद्रं बहुधा शेजारी-शेजारी असतात. अशा केंद्रात मोटरने चालणारे शेकडो व्हॉल्व्ह असतात. त्यांची रचना थेट गाडीतल्यासारखीच: मोटर, वर्म गिअर, कुठे थांबायचं ते सांगणारे लिमिट स्विच, आणि अटी पुऱ्या झाल्याशिवाय हलू न देणारं इंटरलॉक. पण त्या प्रत्येक व्हॉल्व्हला एक चाक असतं. हँडव्हील. वीज गेली, मोटर जळली, स्विच फसला, तरी माणूस जाऊन ते चाक हाताने फिरवू शकतो. नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी मोटर नाही दाखवत, हँडव्हील दाखवतो. गाडीच्या ट्रान्सफर केसला मात्र हँडव्हील नाही.

आता ती संध्याकाळ. २००१ साली फेब्रुवारीत, राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत, आम्ही तीन कुटुंबं दोन गाड्यांतून सुबियाच्या बाजूला गेलो होतो. तेव्हा शेख जाबेर पूल नव्हता, तो २०१९ मध्ये सुरू झाला. त्यामुळे सगळा वळसा जहरा आणि मुतलावरून. एक गाडी जुन्या पद्धतीची, दांड्याची निसान पट्रोल (तिचं नाव आपली मंडळी हटकून ‘पेट्रोल’ असं घेतात). दुसरी आमच्या साताऱ्याच्या मित्राची, बटणवाली. त्याच महिन्यात एका गॅरेजमध्ये तिची पूर्ण तपासणी झाली होती आणि ‘सब ओके’ असा शिक्का मिळाला होता. तिच्यात मित्राचं कुटुंब, आम्ही चौघं, आणि मित्राची आई. व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आलेल्या आजींना मधुमेह होता. पाचपर्यंत घरी पोचायचं, म्हणून संध्याकाळचं इन्सुलिन घरी फ्रीजमध्ये होतं.

१९९१ च्या युद्धात पेरलेल्या सुरुंगांची आठवण तेव्हा ताजी होती, त्यामुळे मळलेली वाट सोडायची नाही हा नियम सगळे पाळत. आम्हीही वाटेवरच होतो. पण त्या आठवड्यातल्या वाऱ्याने वाटेवरच मऊ वाळूची भर घातली होती. परतताना चारच्या सुमारास बटणवाली गाडी त्यात बसली. मित्राने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. थांबला, न्यूट्रल केलं, ब्रेक दाबला, बटण फोर-लोवर नेलं. खालून मोटरचा ‘घुर्र’ आवाज आला आणि थांबला. दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फोर-हायही लागेना. फ्यूज बघितले, ठीक होते. चाकांतली हवा कमी केली, मुलांच्या किल्ल्यांच्या फावड्यांनी आणि डब्याच्या झाकणांनी वाळू उपसली. पट्रोलने दोर लावून ओढलं, दोर तुटला. नुसत्या मागच्या चाकांवर गाडी आणखी खोल जात होती.

मोबाइलला रेंज नव्हती. सूर्य पावणेसहाला मावळणार होता. आजी गप्प बसल्या होत्या, पण त्यांच्या कपाळावरचा घाम आमच्या सौ.ने पाहिला. वाळवंटात एकटी गाडी ठेवायची नाही, हा नियम आम्हां सगळ्यांना ठाऊक होता. तरी दोन मिनिटांत ठरलं. पट्रोलमध्ये तिचं स्वतःचं तीन जणांचं कुटुंब, शिवाय आजी, दोघी बायका आणि चार मुलं, अशी दहा माणसं दाटीवाटीने बसली आणि निघाली. आजींना घरी पोचवायचं आणि नऊपर्यंत आम्ही आलो नाही तर मदत घेऊन यायचं. जाताना आजींनी काच खाली करून लेकाला विचारलं, “अरे, चारी चाकं होती ना हिला?” मित्राला उत्तर सुचलं नाही. आम्हांलाही नाही.

मागे राहिलो आम्ही दोघं. आम्ही मित्राला म्हटलं, “व्हॉल्व्ह असता तर हँडव्हील फिरवलं असतं. इथे ते नाही, पण ज्या दांड्याला ते बसवतात तो दांडा तर असणारच ना!” खाली झोपण्यापुरती वाळू उपसली. चाकं आसापर्यंत रुतलेली असल्यामुळे गाडी हलण्याची भीती नव्हती, तरी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद ठेवलं. बॅटरीच्या उजेडात मोटरच्या तारांचा जोड सोडवला, बोल्ट काढले, मोटर हातात आली. मागे ट्रान्सफर केसमधून दांड्याचं बोटभर टोक बाहेर आलेलं दिसलं. मोटर लावलेली असताना ते जागचं हललं नसतं, गिटारच्या तारेसारखंच. आता पकडीने धरून जोर लावला तर ते कुरकुरत फिरलं. एक टप्पा, दुसरा टप्पा. तिथे अडलं. आम्ही बाहेर येऊन लांब उभे राहिलो. मित्राने इंजिन चालू करून क्षणभर गिअर टाकला आणि काढला. दात समोरासमोर आले असावेत. इंजिन बंद करून पुन्हा आत शिरलो, तर दांडा शेवटपर्यंत गेला. हाताला तीच जीपमधली ‘खट्’ लागली. पकड तशीच दांड्याला आवळून तारेने बांधली.

मग पहिल्या गिअरला, माणूस चालेल त्याहून हळू, गाडी वाळूतून वर आली. सव्वासात झाले होते. डांबरी रस्त्याला लागल्यावर पुन्हा थांबून, पुन्हा पाठीवर झोपून दांडा टू-हायला आणला. अशा गाडीत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. वाळूत ती थोडी घसरून फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर ती सोय नसते आणि पेटीवर ताण येतो. रेंज मिळाल्यावर पहिला फोन घरी केला. आजींना साडेसहाला इन्सुलिन मिळालं होतं, जेवण झालं होतं, आणि लेकाची गाडी येईपर्यंत झोपणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुवेखच्या औद्योगिक भागात रत्नागिरीकडच्या एका मेकॅनिकच्या हातात ती मोटर दिली. त्याने तिला थेट बॅटरी लावली, तर ती झकास फिरली. मग झाकण उघडून चकती दाखवली. जुनं ग्रीस आणि इथली पिठासारखी धूळ यांचं काळं लिंपण तांब्याच्या पट्ट्यांवर बसलं होतं. तो म्हणाला, “मोटर जिवंत आहे साहेब. आपण कुठे आहोत तेच तिला कळत नाही.” मोटर निघत होती, ठिकाण सापडत नव्हतं, आणि वेळ संपली की पेटी वीज तोडत होती. चकती साफ झाली, ब्रश बदलले, काम झालं. आम्ही गॅरेजच्या त्या ‘ओके’ शिक्क्याबद्दल बोललो, तेव्हा तो हसला. म्हणाला, “बटण फिरवून कुणी बघितलं असेल तर ना!”

त्यानंतर पुण्याला सुट्टीवर गेलो की या विषयाकडे आमचं लक्ष जायला लागलं. १९९८ साली टाटांची सफारी बटणावरचं फोर-व्हील घेऊन आली होती, आणि ती पुण्याची गाडी. भोसरीत तर ट्रान्सफर केस बनवणारा कारखानाच निघाला. दिवगी मेटलवेअर्स ही १९६४ सालची कंपनी. १९९५ मध्ये तिने या कामातल्या जुन्या अमेरिकन बोर्गवॉर्नर कंपनीशी भागीदारी केली. आज ती दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स या नावाने चालते आणि २०२३ साली तिचे शेअर बाजारात आले. म्हणजे आपण इथे ज्या पेटीला परदेशी जादू समजतो, तसली पेटी भोसरीची माणसं डबे घेऊन कामावर जाऊन बनवतात. त्यांना विचारायला आपली भाषा पुरते! महिंद्रने २०२० च्या थारमध्ये दांडा ठेवला आणि २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये बटण दिलं. दोन्ही आपापल्या जागी चालतात. कुवेतमधले वाळवंटी ड्रायव्हर आजही जुन्या दांड्याच्या पट्रोलला मान देतात, यात नवल नाही.

आताच्या गाड्या आणखी पुढे गेल्या आहेत. ‘ऑटो’ असं लिहिलेलं असेल तर तिथे बहुधा क्लचच्या चकत्या असतात, आणि पुढच्या चाकांना किती जोर द्यायचा हे गाडी क्षणाक्षणाला ठरवते. सोय मोठी आहे, तक्रार नाही. पण उष्णता आणि धूळ यांनी आपला स्वभाव बदललेला नाही. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबाह इथे ५३.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. गाडीखालच्या तारांचे जोड, ग्रीस आणि रबर यांना असे उन्हाळे सोसावे लागतात. वर ‘तूझ’ची, म्हणजे धुळीच्या वादळाची, भर. आणि हिवाळ्यापर्यंत बटणाला कुणी हात लावत नाही. वर्षातून एकदाच वापरलेला व्हॉल्व्ह नेमका त्याच दिवशी अडकतो, हे आमच्या खात्यातलं जुनं ज्ञान आहे.

म्हणून मंडळाच्या सहलीला निघणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच. महिन्यातून एकदा कच्च्या, सैल जमिनीवर जाऊन बटणाची तिन्ही ठिकाणं लावून बघा. फोर-लोला गाडी थांबवून, न्यूट्रल करून, ब्रेक दाबून, आणि आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळं काही लिहिलं असेल तर त्याप्रमाणे. दिवा स्थिर झाला का ते बघा, नुसता पेटला यावर जाऊ नका. मोटरचा आवाज कान देऊन ऐका. आवाजच नसेल तर फ्यूज, तारा, रिले बघायचे. आवाज येऊन थांबत असेल तर बहुतेक वेळा तिला ठिकाण सापडत नाही असं समजा. बॅटरी अशक्त असेल तर आधी ती बदला. वाळूत शिरण्याआधीच फोर-हाय लावा, रुतल्यावर अर्ज करत बसू नका. गॅरेजवाल्याला आपल्यासमोर बटण फिरवायला लावा. एकदा त्याच्याकडूनच मोटर कुठे आहे आणि ती काढल्यावर मागचा दांडा कसा दिसतो, तेही बघून ठेवा. सगळ्या गाड्यांत तो हाताने फिरवता येतोच असं नाही. आपल्या गाडीत येतो की नाही, हे घरीच कळलेलं बरं.

दोन गाड्यांशिवाय जाऊ नका. आणि बरोबर वडीलधारं माणूस असेल तर पाचला परतायचं ठरलेलं असलं तरी औषध घरी फ्रीजमध्ये ठेवू नका, थर्मासमध्ये बर्फाशेजारी, पण बर्फाला चिकटणार नाही असं घ्या. ते गोठलं तर उपयोगाचं राहत नाही. हा शेवटचा नियम आमच्या सौ.चा आहे, आणि तो तिने तेव्हापासून कुणालाही मोडू दिलेला नाही.